माणसांमागचे शहर

पिंपरी-चिंचवडला स्वतःचा चेहरा नाही, असे सर्रास म्हटले जाते आणि म्हणणाऱ्यांत इथेच जन्मलेले लोकही असतात. पुण्याला पेठा आणि वाडे आहेत, मुंबईला समुद्र आहे. इथे काय, तर कारखाने, रुंद रस्ते आणि सोसायट्या. २०११ च्या जनगणनेत १७ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या शहराबद्दल हे मत इतके पक्के कसे झाले? त्याचे एक कारण आपल्या घरातल्या अल्बममध्ये आहे, असे मला वाटते. निगडी, भोसरी किंवा थेरगावातल्या कामगार घरातला जुना अल्बम उघडून पाहा. शनिवारवाड्याच्या दरवाजासमोर, सिंहगडावर, लोणावळ्याच्या पावसात, महाबळेश्वरच्या पॉइंटवर, गावच्या जत्रेत काढलेले फोटो त्यात हमखास सापडतात. ज्या शहराने त्या घराला पगार दिला, आधी भाड्याची खोली आणि मग स्वतःचा फ्लॅट दिला, ते शहर मात्र चुकून आलेले असते. बारशाच्या फोटोत खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, वाढदिवसाच्या फोटोत कोपऱ्यात आलेली कॉलनीची भिंत, एवढेच. आपण या शहराला आपल्या मागे उभे राहू दिले नाही आणि मग त्याला चेहरा नाही म्हणून मोकळे झालो.

असे होण्याला कारणे होती, त्यात कुणाचा दोष नाही. आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बाराच फोटो निघत. पुढे छत्तीसचे रोल आले, तरी रोल विकत घेणे, धुऊन घेणे, प्रिंट काढणे हा सगळा खर्च पगारातूनच व्हायचा. बारापैकी एक फोटो रोजच्या वाटेवरच्या केएसबी चौकावर कोण घालवील? फोटो राखून ठेवला जायचा तो सहलीसाठी, सणासाठी, पाहुण्यांसाठी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बूर्द्यू यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवले होते की, सामान्य घरात कॅमेरा असतो तो कुटुंबाचे मोठे क्षण साजरे करायला आणि कुटुंब एकत्र आहे हे स्वतःला पुन्हा सांगायला. रोजचे जगणे त्या साजरे करण्यात बसत नाही. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांचे १९९७ चे पुस्तक तर आपल्या अधिक जवळचे आहे, कारण त्यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्यांच्या गावातले फोटो अभ्यासले. तिथल्या स्टुडिओत माणसे रंगवलेल्या पडद्यासमोर उभी राहत आणि आपण एरवी जे नसतो ते होऊन पाहत. धुराड्यांच्या गावातल्या माणसाला फोटोत दुसरीकडे असावेसे वाटणे फार स्वाभाविक आहे.

पण या स्वाभाविक गोष्टीची किंमत शहराला मोजावी लागते. शहररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या रहिवाशांना विचारले होते की, तुमचे शहर तुमच्या मनात कसे दिसते? बॉस्टनचे लोक भरभरून सांगत. जर्सी सिटीच्या लोकांना मात्र आपल्या शहराचे वर्णन करताना अडखळायला होई. नदीपलीकडे दिसणारी न्यूयॉर्कच्या इमारतींची रांग त्यांना स्वतःच्या गल्ल्यांपेक्षा ठळक आठवे. मोठ्या शहराच्या सावलीतल्या औद्योगिक शहराचे हे दुखणे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळे समजावून सांगायला नको. वास्तविक खुणांचीही इथे कमतरता नाही. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकरांचा वाडा आहे, निगडीला भक्ती-शक्तीचे शिल्प आहे, जवळच्या चाकणला फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेला संग्रामदुर्ग आहे. परंतु माझा भर या खुणांवर नाही. त्यांच्यासमोर फोटो काढून शनिवारवाड्याची जागा भरून काढता येईल, शहराचा स्वभाव मात्र त्यातून कळणार नाही. तो कळतो चौकांच्या नावांत: केएसबी चौक, थरमॅक्स चौक, टेल्को रोड. इतर शहरांत चौकांना राजांची आणि पुढाऱ्यांची नावे मिळाली, इथे लोकांनी बसमधून उतरण्याच्या सोयीने कंपन्यांची दिली, आणि टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले तरी रस्ता टेल्कोचाच राहिला. हे शहर शिफ्टच्या घड्याळावर वाढले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को पिंपरीत आली, १९७० मध्ये गावे एकत्र करून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महापालिका. कामाच्या मागे माणसे आली आणि माणसांच्या मागे शहर. अशा शहराचा चेहरा इमारतीत शोधून सापडत नाही. तो काम करणाऱ्या घरांमध्ये असतो. म्हणून त्याचे खरे चित्र काढण्याची जागा कौटुंबिक फोटो हीच आहे, मग छायाचित्रकार कितीही साधा असो.

जिथे शहर आणि घर एका चौकटीत आले, असे दोन प्रकारचे फोटो मला फार मोलाचे वाटतात. पहिला नव्या स्कूटरचा. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या फळीवर उभा केलेला लहान मुलगा, मागे पदर सावरून एका अंगाने बसलेली आई, चाकाखाली लिंबू. १९७२ साली बाजारात आलेली चेतक आकुर्डीत बनायची, पुढे वाळूजलाही बनू लागली, आणि ती मिळायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्यामुळे नागपूरच्या, इंदूरच्या, लखनौच्या घरांमधल्या अल्बममध्येही आकुर्डीच्या कामगाराच्या हातची वस्तू कुटुंबाच्या मधोमध उभी आहे. ज्या शहराला चेहरा नाही म्हणतात, ते देशभरच्या कौटुंबिक फोटोंत असे हजर आहे. दुसरा फोटो खंडेनवमीचा. त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, लेथला हळदकुंकू लागते, प्रेसवर नारळ ठेवला जातो, आणि भोसरीच्या लहान वर्कशॉपमध्ये, काही मोठ्या कंपन्यांतही, घरच्यांना आत यायला मिळते. एरवी वडील कुठे जातात हे ज्या मुलीला फक्त डब्यावरून ठाऊक असते, ती नवा फ्रॉक घालून त्यांच्या मशीनशेजारी उभी राहते. तेलाचे डाग धुऊन काढलेली फरशी, मागे फळ्यावर खडूने लिहिलेला उत्पादनाचा आकडा, वडिलांचा इस्त्रीचा शर्ट. वडिलांचे काम अल्बममध्ये येण्याचा हा वर्षातला जवळजवळ एकच दिवस.

एकच, कारण कारखान्याच्या गेटवर कॅमेरा अडवला जातो. आत जाताना मोबाइलच्या भिंगावर स्टिकर चिकटवायचा, बाहेर पडताना काढायचा, हे चाकण-तळेगावच्या पट्ट्यात रोजचे आहे. गुपिते राखण्याचा कंपन्यांचा हक्क मी नाकारत नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, माणसाच्या आयुष्यातले रोजचे आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा, कधीच कुठे उमटत नाहीत. टेल्कोचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कारखान्याच्या आवारात झाडे लावून घेतली, तळे करवले. पण तीस वर्षे त्या सावलीतून चालत गेलेल्या कामगाराच्या घरी त्या झाडांचा फोटो असेलच असे नाही. मग निदान गेटबाहेरचे तरी अल्बममध्ये यावे: कंपनीची बस, थांब्यावरची रांग, पहाटे पोहे विकणारी गाडी.

यावर आक्षेप येतो की, घरचा फोटो घरच्यांसाठी असतो, आईचा चेहरा नीट दिसला की झाले, त्यावर शहराच्या इतिहासाचे ओझे कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण पन्नास वर्षांनी तो फोटो हातात घेणाऱ्या नातवाला आजीचा चेहरा आधीच ठाऊक असेल. ती कुठे उभी होती, तिथे काय होते, हेच तो विचारील. मागची जागा दिसली म्हणजे चेहऱ्याला आयुष्य मिळते. आज तर उलटा प्रवास चालू आहे. फोटो फुकट झाले, बारा फोटोंची अडचण संपली, आणि नेमक्या त्याच वेळी सेल्फीत चेहऱ्याने चौकट भरली आणि पोर्ट्रेट मोडने मागचे सगळे धूसर करून टाकले. पूर्वी शहर परवडत नव्हते म्हणून सुटले. आता ते यंत्रच पुसते आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. चाकणजवळच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या चाळींत एका खोलीत चार-पाच जण राहणारा, ठेकेदाराकडे लागलेला तरुण, विदर्भातून, मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला, या शहराचे कौतुक कसे करणार? त्याने पवनेचे काळे पाणी, इंद्रायणीवरचा फेस, चाकणच्या चौकातली तासन्‌तासांची कोंडी यांच्यासमोर हसत उभे राहावे काय? कौतुक म्हणजे गोडवे गाणे असेल, तर नक्कीच नको. शहराचा स्वभाव ओळखणे म्हणजे त्याच्या दुखण्यासकट ओळखणे. तो तरुण आज घरी पाठवतो तो फोटो बहुधा मॉलच्या काचेसमोरचा असतो, कारण गावी काळजी वाटू नये. ही माया मोठी आहे. तरीही भिंतीला टांगलेले पाच डबे, वाळत घातलेले युनिफॉर्म आणि दाराशी मित्र, असा एक फोटो त्याने स्वतःसाठी ठेवावा. नदीकाठी उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या मागे फेस दिसला आणि त्याखाली तारीख असली, तर तो उद्या पुरावाही ठरेल. घरच्यांसाठी काढलेल्या फोटोवर सहसा कुणी बनावाचा संशय घेत नाही.

हे घाईने करण्याचे कारण मुंबईने दाखवून दिले आहे. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापडगिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि मीना मेनन व नीरा आडारकर या लेखिकांना गिरणगावचा इतिहास माणसांच्या तोंडून गोळा करावा लागला. आपल्याकडेही बदल सुरू झाला आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०२२ मध्ये तिथेच विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना उघडला. त्याच वर्षी पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो धावू लागली आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचे रूप पालटले. मेट्रोच्या खांबांआधीचा हा रस्ता कुटुंबासह कितीजणांच्या अल्बममध्ये असेल?

महापालिकेला २०३२ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने घराघरांतले असे फोटो मागवून, स्कॅन करून, मूळ प्रती परत करण्याचे काम महापालिकेने आणि इथल्या ग्रंथालयांनी आतापासून हाती घ्यावे. ज्यांना चौकांची जुनी नावे सांगता येतात ती पिढी अजून आपल्यात आहे. आणि आपण घरी एवढे करावे: फोटो काढताना दोन पावले मागे सरावे, पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, मागची पाटी आणि बसथांबा चौकटीत येऊ द्यावा, आणि जुन्या प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने साल, चौक आणि शिफ्ट लिहून ठेवावी.