नावाचा पडदा

भुसावळजवळ औष्णिक विद्युत्केंद्राच्या आश्रयाने जी वसाहत वाढली, तिचे नाव दीपनगर. प्रकाशाचे नाव धारण करणाऱ्या अशा गावीही औषधांच्या दुकानातील एक जिन्नस वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालूनच दिला जातो. घेणारी मुलगी वस्तूचे नाव उच्चारीत नाही. एखाद्या कंपनीचे नाव हलकेच सांगते. हा विषय सभ्य माणसाने काढावा काय, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु जी गोष्ट घरोघर दरमहा घडते, तिला कोणत्या नावाने संबोधावे हा नीतीचाच प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या भाषेतील रूढ नावेच प्रथम पाहू. 'विटाळ' हा शब्द निर्दोष देहधर्मावर दोष ठेवतो. 'बाहेर बसणे' यात अवस्थेचे नावच नाही. तिच्यामुळे भोगाव्या लागणाऱ्या बंधनाचे आहे. 'कावळा शिवला' हे तर मुलांची जिज्ञासा थोपविण्यासाठी रचलेले असत्य. मात्र 'पाळी' हा शब्द निराळा. पाळी म्हणजे क्रमाने येणारी खेप. विद्युत्केंद्रातील कामगार पहिली पाळी, रात्रपाळी असे शब्द मोकळेपणी बोलतात. घरातील लेकीने तोच शब्द उच्चारला की आवाज खाली येतो.

पाश्चात्त्यांची कथाही फारशी वेगळी नाही. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या लगद्यापासून जखमांवर बांधण्यासाठी केलेला कापसासारखा पदार्थ परिचारिकांनी या कामीही वापरला. पुढे १९२० साली अमेरिकेत त्याच्या पट्ट्या 'कोटेक्स' या नावाने विक्रीस आल्या. कापूस व पोत या अर्थांच्या इंग्रजी शब्दांतून हे नाव जुळविलेले. नावात कापूस, वस्तूत लाकूड! कापूस पिकविणाऱ्या खानदेशास याची मौज वाटेल. एक शब्दही न बोलता पेटीत पैसे टाकून पुडा उचलावा, अशी सोयही तेथील दुकानांतून होती. आपल्याकडे खपणाऱ्या 'व्हिस्पर' या नावाचा अर्थच मुळी कुजबुज.

उलट, महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पट्ट्या देण्याची योजना काढली, तिचे नाव 'अस्मिता'. पातंजल योगसूत्रांत अस्मिता ही पंचक्लेशांपैकी एक. आजच्या मराठीत तो स्वाभिमानाचा शब्द आहे. शब्दाचे भाग्य असे पालटू शकते.

लज्जा हा सद्गुण नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो आम्हास मान्य आहे. प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आणावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पडदा वेगळा आणि कलंक वेगळा. 'पाळी' हा शब्द पडदा राखतो व कोणास हीन लेखीत नाही. जेथे नाव घेण्याचीच चोरी, तेथे वेदनाही सांगता येत नाही. धुतलेली घडीदेखील दुसऱ्या वस्त्राखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात ओलसर राहते आणि दुखणे ओढवते. खानदेशात उन्हाची वाण नाही. ते ऊन त्या घडीला मिळू नये, इतकी कसली लाज? आपल्या लेकीस हा शब्द प्रथम कोणत्या स्वरात ऐकू येतो, याचा विचार प्रत्येक घराने करावा. तो स्वर आईचा असावा, आणि बापाने तो ऐकून उठून जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.