तबकडीवरचं नाव

जी. एन. जोशी यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक बहुतेक रसिक आठवणींसाठी वाचतात. केसरबाई, अमीर खाँ, बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर अशी माणसं त्यात जवळून भेटतात, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण हे पुस्तक धंद्याची कहाणी म्हणूनही वाचायला हवं. माइकच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलेला असा दुसरा मराठी लेखक सहज सापडत नाही. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जोशींनी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता स्वतः चाल लावून गायली. ती तबकडी घरोघर वाजली आणि मराठी भावगीताचा जन्म तिच्यापासून मोजायची रीत पडली. वकिलीचं शिक्षण घेतलेले हे गायक १९३८ मध्ये एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीत अधिकारी झाले. त्यानंतरची तीन दशकं त्यांनी इतरांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करण्यात, त्यांचे रुसवे काढण्यात आणि त्यांच्या कलेला बाजारात जागा मिळवून देण्यात घालवली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांचीच निर्मिती.

लोकप्रिय गायकानं कंपनीची खुर्ची घ्यावी आणि मग दोन्हींबद्दल लिहावं, हा योग दुर्मिळ. त्या खुर्चीवरून एक प्रश्न सतत डोळ्यांसमोर असणार: गाणं नक्की कुणाचं?

मराठी समाजाकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर होतं. संतांच्या अभंगात शेवटी कवीचं नाव येतं, शाहिरांच्या लावणीत छाप येते. पेशवाईच्या उत्तरकाळातला ‘होनाजी बाळा’ हा एक माणूस नव्हता. होनाजी शिलारखाने रचना करायचा आणि बाळा करंजकर ती गायचा. दोघांची नावं मिळून एक छाप झाली. लिहिणारा आणि गाणारा यांना एकाच ओळीत सारखा मान देणारी ही व्यवस्था कुठल्याही कायद्याशिवाय उभी राहिली होती. ती किती न्याय्य होती, हे पुढच्या दीडशे वर्षांकडे पाहिल्यावर कळतं.

छापेनं नाव राखलं, पैसा मात्र राखला नाही. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या फडाफडांतून गायल्या गेल्या, प्रत्येक लावणीच्या शेवटी त्यांचं नाव घेतलं गेलं, आणि १९४५ मध्ये पुण्यात ते गेले तेव्हा हाताशी काही उरलेलं नव्हतं. तेव्हाच्या समजुतीत यात कुणी कुणाला लुबाडलं असं नव्हतं. पैसा मिळायचा तो बिदागीचा. रात्र संपली, गाणं संपलं, हिशेबही संपला.

ही समजूत मोडली ती यंत्रानं. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. त्या काळात गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना चिठ्ठीवर काय छापायचं ते कळायला हवं असे. पुढे अनेकांनी याचा अर्थ गायिकेचा तोरा असा लावला. मूळ कारण कारखान्याच्या सोयीचं होतं. पण त्या सोयीमुळे नावाची जागा बदलली. छाप ही रचनेचा भाग होती, ती काढली तर ओळ मोडली असती. तबकडीवरचं नाव मात्र कंपनीच्या चिठ्ठीवर आलं, आणि चिठ्ठीवर काय छापायचं हे कंपनी ठरवू लागली.

जुन्या गवयांना हा धोका बहुधा कायद्याआधी अंगानं कळला होता. गाणं दुकानात तीन मिनिटांत मिळू लागलं तर मैफलीला कोण येईल, आपली चीज कुणी उचलली तर काय, अशी भीती अनेकांना होती. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नाही. केसरबाईंनी काही तबकड्या दिल्या खऱ्या, पण ध्वनिमुद्रणाबद्दलचा त्यांचा अविश्वास पुढे वाढतच गेला. त्याच केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर सूर्यमालेबाहेर निघाला. या सावध माणसांना हट्टी म्हणणं सोपं आहे. यंत्र काय काय घेऊन जाईल, याचा त्यांचा अंदाज मात्र चुकीचा नव्हता.

नाव जाणं किती सहज होतं याचा सर्वांत ठसठशीत पुरावा ‘महल’ (१९४९) या चित्रपटाचा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव होतं. गाणं कुणी गायलं, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली. नाव परत मिळवणं हा पहिला लढा ठरला, पैसा हा दुसरा. साठच्या दशकात लतादीदींनी गायकांना तबकड्यांच्या विक्रीवर रॉयल्टी हवी अशी मागणी लावून धरली आणि महंमद रफींशी त्यांचं बिनसलं, दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. रफींचं म्हणणं होतं की ठरलेलं मानधन घेतलं की विषय संपतो. त्यात मैफलीच्या संस्काराची सभ्यता होती. लतादीदींना मात्र यंत्राचा स्वभाव अचूक कळला होता. गाणं आता रात्रीबरोबर संपत नाही, मग हिशेब तरी रात्रीबरोबर का संपावा? गेल्या शतकात मराठी घरातून आलेल्या कुणी व्यवसायाबद्दल मांडलेला हा सर्वांत आधुनिक विचार असावा.

आपल्या गायकांची आत्मचरित्रं या विचारापाशी येऊन अडखळतात. सुधीर फडके यांचं ‘जगाच्या पाठीवर’ अपूर्ण राहिलं. त्यातली उपासमार आणि गावोगावची भटकंती वाचताना घास अडकतो. तो माणूस पुढे ‘गीतरामायणा’चा बाबूजी झाला. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गेलेली ती ५६ गीतं त्यांनी नंतर कित्येक वर्षं रंगमंचावर गायली. शाहीर साबळे यांचं ‘माझा पवाडा’ हे साताऱ्याकडच्या पसरणीतून आलेल्या माणसाचं पुस्तक. साबळे नुसते गायक नव्हते. मुक्तनाट्यं उभी करणारे, पार्टी चालवणारे, फिरत्या रंगमंदिराचा प्रयोग करणारे मालकही होते. म्हणून त्यांच्या आयुष्यात प्रसिद्धी आणि कर्ज-खर्चाची ओढाताण शेजारी शेजारी नांदते. त्यांच्या आवाजातलं, राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. लोक आजही ते साबळ्यांचं गाणं म्हणतात. होनाजी बाळाच्या हिशेबानं त्या छापेत तीन नावं असायला हवी होती.

अमेरिकेत पैशाबद्दल आणि करारांबद्दल लिहिणं अधिक उघडपणे होतं. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या आत्मचरित्रात तरुणपणी नीट न वाचता सही केलेल्या करारांची हकिकत येते. त्यातून १९७६ मध्ये व्यवस्थापकाशी कोर्टकचेरी झाली आणि काही काळ त्याला नवा अल्बम करता आला नाही. मराठी गायक गुरूबद्दल, रागाबद्दल, पहिल्या टाळीबद्दल भरभरून लिहितो, पण कराराबद्दल क्वचित. पैशाचा उल्लेख कलेला कमीपणा आणतो असं त्याच्या मनावर बिंबलेलं असतं. या संकोचाचा फायदा कलेला झाल्याचं दिसत नाही.

कायदा सावकाश आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्वतंत्र हक्क नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, असा निवाडा दिला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गाणाऱ्याच्या हक्काची उणीव दाखवून दिली होती. सादरकर्त्याचा हक्क १९९४ मध्ये आला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येणार नाही, ही तरतूद व्हायला २०१२ उजाडलं.

आणि तरीही या साऱ्यातून एक गाणारी सुटली. तिला भेटायला भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला उतरावं. मोरा हे उरणचं मुंबईकडे उघडणारं दार. आता अटल सेतू आणि उरणची लोकल आली, तरी भरती-ओहोटीचं आणि गाळाचं गणित सांभाळत लाँच येतेच. उरण-पनवेलच्या आगरी-कोळी घरांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यानं. मांडव, हळद, तेलवण, प्रत्येक विधीचं गाणं तिला मुखोद्गत असतं. ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं रचलेले धवळे, म्हणजे लग्नगीतं, मराठीतल्या आद्य कवयित्रीची रचना म्हणून विद्यापीठांत शिकवले जातात, नावासकट. त्याच प्रकारचं गाणं आज गाणाऱ्या बाईचं नाव मांडवाबाहेर जात नाही.

तिच्या गाण्याच्या चाली मात्र बाहेर जातात. कोळीगीतांना आधी तबकडी मिळाली, मग कॅसेट, मग हळदीतला डीजे. या प्रवासात कित्येक गाण्यांखाली ‘पारंपरिक’ एवढंच छापलं गेलं. परंपरेचं गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं हे खरं, आणि तसंच राहायला हवं. पण ‘पारंपरिक’ लिहिल्यानं ज्या बाईकडून चाल घेतली तिला काही द्यावं लागत नाही, आणि नव्यानं केलेल्या मुद्रणावर कंपनीचा हक्क मात्र पक्का होतो. पुढे त्याच गाण्याचा घरच्या हळदीतला व्हिडिओ कुणी यूट्यूबवर टाकला, तर हक्काची सूचना त्यालाच येऊ शकते. शब्दांवर तिचा हक्क नसला तरी तिच्या गाण्यावर, म्हणजे त्या सादरीकरणावर, सादरकर्ती म्हणून कायद्यानं तिचा हक्क बनतो. तिचं गाणं मुद्रित करण्याआधी तिची परवानगी लागते. हे तिला कुणी सांगत नाही.

तिला तिचं नाव आणि हक्क मिळवून देण्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. गाणं मुद्रित करताना चार गोष्टी टिपाव्यात: गाणारीचं नाव, गाव, वर्ष आणि तिनं ते कुणाकडून घेतलं. संगीतकारानं चाल उचलली तर ‘पारंपरिक’च्या पुढे ही नोंद छापावी आणि मानधनाचा लेखी करार तिच्याशीही करावा. मोऱ्याच्या कोळीवाड्यात याची सुरुवात येत्या लग्नसराईतच करता येईल. मांडवात फोन प्रत्येकाच्या हातात असतात, आणि गाणाऱ्या बाईचं नाव तिथं सगळ्यांना ठाऊक असतं.