खारपाणपट्ट्यातले पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णेचे खोरे खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा तालुक्यांतील अनेक गावे त्यात मोडतात. पुढे हा पट्टा अकोला-अमरावतीकडे पसरतो. गाळाच्या खोल थरांतील क्षार भूजलात उतरतात, त्यामुळे विहिरीचे पाणी मचूळ लागते आणि डाळ लवकर शिजत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार इथे जुनी आहे. सगळा दोष पाण्यावर टाकणे मात्र घाईचे. रक्तदाब आणि मधुमेहही तपासावे लागतात.

पाणी आणि आजार या दोन्हींवर लक्ष ठेवणे हे एकट्या दवाखान्याचे काम नव्हे. ग्रामपंचायत, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला आणि २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा कार्यकर्ती गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत एकत्र येतात. आशा घरोघरी फिरते, जलसुरक्षक पाण्याचे नमुने प्रयोगशाळेला पाठवतो. संग्रामपूर-जळगाव जामोदकडील १४० गावांसाठी वान धरणावरून गोड्या पाण्याची योजना आखली गेली. गावातली टाकी वेळेवर धुणे, पाण्यात क्लोरीन टाकणे आणि पाणीपट्टी भरणे ही कामे गावाकडेच राहतात.