दुखणे कोणाचे, नोंद कोणाची?

सणासुदीला चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी पक्षाघाताचा विषय काढला, तर घरातली वडील मंडळी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून त्याला गप्प करतील. तरीही मी तो काढतो आहे. कारण त्यामागचा प्रश्न दवाखान्यापुरता नाही. माझ्या देहाच्या हकिकतीवर परक्यांचा काही हक्क पोहोचतो का?

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. मार्च १९४४ मध्येच त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ असल्याची नोंद झाली होती. अखेरच्या दिवशी तो ३०० वर १९० होता. आकडे कागदावर होते, डॉक्टर उशाशी होते. पण वय वाढले की दाब वाढायचाच, अशी त्या काळी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती आणि दाब उतरवणारे खात्रीचे औषधही हाती नव्हते. एकट्या माणसाचे आकडे, मग तो राष्ट्राध्यक्ष का असेना, आपला अर्थ आपण सांगत नाहीत.

तो अर्थ सांगितला मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावाने. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांनी दर दोन वर्षांनी स्वतःला तपासून घ्यायचे कबूल केले. हृदयविकाराच्या शोधासाठी आरंभलेले हे काम; पण वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाशेजारी एक मांडल्या, तेव्हा दिसले की वाढलेला रक्तदाब हा पक्षाघाताचा बलवत्तर अग्रदूत आहे, आणि हृदयाची लय एका विशिष्ट प्रकारे बिघडलेल्या माणसाला हा धोका सुमारे पाचपट असतो. १९७१ पासून त्यांची मुले आणि २००२ पासून नातवंडे त्याच वहीत आली. आज आपल्या तालुक्याच्या गावी डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, त्यात या अनोळखी गावकऱ्यांचे देणे आहे. आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मोजले. हे ऋण कोणत्या खात्यात घालावे?

मात्र ऋण आहे म्हणून ते दांडगाईने वसूल करता येते असे नाही. आम्हां शिक्षकांना हजेरीपटाचा अनुभव असतो. एका दिवसाची गैरहजेरी काही बोलत नाही; वर्षाचा पट उघडला की कळते, अमुक मुलगा दर बाजाराच्या दिवशी येत नाही. त्याने न सांगितलेली घरची ओढाताण पट सांगून टाकतो. ते पाहून त्याची फी माफ करता येते, आणि चारचौघांत त्याला लाजवताही येते. पट तोच.

इंग्लंडमध्ये गावोगावच्या डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची सरकारी योजना निघाली. हेतू वाईट नव्हता. २०१४ च्या आरंभी घरोघर पत्रके धाडली. पुष्कळांनी ती पाहिलीच नाहीत. नको असेल त्याने कळवावे, एरवी होकार धरला जाईल, अशी रीत होती. लोक बिथरले, काम थांबले, आणि २०१६ साली योजना गुंडाळली गेली. फ्रेमिंगहॅममध्ये शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना गाठून विचारले होते.

पण मौनाची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पक्षाघात पुष्कळदा आधी वाचाच हिरावतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि रोगी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ते घातक ठरू शकते. गोळी घेतो की नाही, हे सांगणार कोण? तेव्हा इतरत्र ठेवलेली नोंदच त्याच्या वतीने बोलते.

आपल्याकडेही २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक मिळू लागला आहे, आणि नोंदी रुग्णाच्या संमतीनेच दाखवाव्यात असा त्याचा नियम आहे. नियम चांगला आहे. माझी शंका तो पाळण्याच्या वेळेविषयी आहे. रात्री अडीच वाजता, बापाचा वाकडा झालेला ओठ पाहत खिडकीशी उभ्या असलेल्या मुलापुढे कागद सरकवला, तर तो कशावरही सही करील. तिला संमती म्हणायला मी तयार नाही.