चौदा इंच खाली

“ओटा किती उंच आणि खिडकीची सिल कुठं, एवढं सांगा. उद्या भिंत उचलतो,” मिस्त्री म्हणाले.

वाईजवळच्या आमच्या गावात घराचा मागचा भाग पाडून स्वयंपाकघर नव्यानं बांधायला घेतलं होतं. मी पुण्यात नोकरी करतो. पैसे माझे, त्यामुळे सगळे प्रश्न मला विचारले जायचे. मी फोनवर बघितलं आणि सांगून टाकलं, “ओटा तीन फूट. खिडकी होती तिथंच.”

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, “स्वयंपाक तुम्ही करणार का दादा?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहिती हवी होती. माझी उंची ५ फूट १० इंच, आईची जेमतेम ५ फूट. मी तिच्या ओट्याचं माप देत होतो आणि ती चार पावलांवर विटांवर पाणी मारत होती.

मी तिला विचारलं, “आई, तुला किती उंच पाहिजे?”

“तुम्ही ठरवाल तेवढा. आजवर कुठं अडलंय?”

इथं बहुतेकांचं काम संपतं. विचारलं, ती हो म्हणाली, झालं. माझंही संपलं असतं, पण पाडलेल्या स्वयंपाकघराच्या ढिगाऱ्यात मला एक पाट दिसला. तो जेवायला बसायचा नव्हता. जुन्या खिडकीची कडी काढायला आई त्यावर चढायची. लहानपणापासून मी तो ओट्याखाली बघत आलो होतो. तो तिथं का असतो, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

जुन्या खिडकीची सिल जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे ५४ इंचांवर होती. ती एवढी उंच कुणी ठरवली? मिस्त्री म्हणाले, कुणीच नाही. लिंटेल सगळ्या घराला एका रेषेत सात फुटांवर घेतात. खिडकी स्वस्तातली, अडीच फूट उंचीची आणली. सातातून अडीच गेले, उरले साडेचार. वजाबाकीत जे उरलं ते आईच्या वाट्याला आलं.

कुणी वाईट वागलं नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता, तरी एका माणसाच्या आयुष्यातले रोजचे कितीतरी तास भिंतीकडे तोंड करून गेले. याला अन्याय म्हणायचं का? आपल्याला अन्यायासाठी गुन्हेगार लागतो. इथं गुन्हेगार नाही, फक्त न विचारलेला प्रश्न आहे. मला वाटतं, हाही अन्यायच. ज्याला ठरवायचा अधिकार आहे त्यानं लक्षच दिलं नाही, तर त्यालाही ठरवणंच म्हणायला हवं.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. आईचे डोळे जमिनीपासून साधारण ५६ इंचांवर येतात. ओट्याची खोली २४ इंच, भिंत ९ इंच. म्हणजे तिच्या डोळ्यांपासून सिलची बाहेरची कड ३३ इंच लांब. जुन्या खिडकीत नजर त्या कडेपर्यंत जाताना फक्त २ इंच खाली उतरत होती. घराचं जोतं २ फुटांचं धरलं, तर त्या रेषेत तिला जमीन दिसायला सुरुवात होणार ११० फुटांवर. आमचं परसू आहे साठ फूट. म्हणजे इतकी वर्षं तिला त्या खिडकीतून परसाची एक वीतही दिसलेली नव्हती. चिंचेचा शेंडा आणि आभाळ, एवढंच. सिल ४० इंचांवर आणली तर जमीन पावणेचौदा फुटांपासून दिसते. खिडकी चौदा इंच खाली आली की जमीन जवळजवळ शंभर फूट जवळ येते.

मापं माणसासाठी असतात, असं आपण म्हणतो. पण कोणत्या माणसासाठी? ल कॉर्बुझिए या मोठ्या वास्तुकारानं ‘मोड्युलर’ नावाची मापपद्धती तयार केली, तेव्हा प्रमाण म्हणून आधी १.७५ मीटर उंचीचा पुरुष धरला होता. नंतर तो १.८३ मीटरचा, म्हणजे सहा फुटांचा झाला. कारण काय? इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, पोलिस वगैरे, नेहमी सहा फूट उंच असतात, असं त्याच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. हीच मोड्युलर त्यानं पुढं चंदिगडमध्ये वापरली. मला आधी हसू आलं. मग आठवलं की मीही फोनवरचे तीन फूट असेच उचलले होते.

काम करताना ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, असा साधा आडाखा आहे. त्यानं आईला ३२ ते ३४ इंच लागतात आणि मला ३८ च्या पुढं. फोनवरचे ३६ इंच तिच्याही मापाचे नव्हते आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आकडेमोड बाजूला ठेवली. विटांचे थर रचले, वर फळी टाकली आणि म्हणाले, “काकू, लाटणं आणा. पोळी लाटल्यासारखं करा.” आई लाजली, पण उभी राहिली. ३६ इंचांवर तिचे खांदे कानाकडे गेले. मिस्त्रींनी एक थर काढला. ३२ इंचांवर खांदे खाली आले आणि ती स्वतःच म्हणाली, “हां, आता जोर येतोय.”

तोंडाला विचारल्यावर ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणणारी आई खांद्यांना विचारल्यावर खरं बोलली. ज्याला कधी पर्यायच मिळाला नाही, त्याला ‘काय हवं’ विचारून आपण जबाबदारीतून मोकळे होत नाही. आधी पर्याय उभा करावा लागतो, निदान विटा रचून.

खिडकीचं मात्र इतकं सोपं नव्हतं. “एवढी खाली नको, बाहेरून दिसेल,” आई म्हणाली. बाबांनीही मान डोलावली. मागं फक्त गोठा आणि शेजारच्यांची भिंत, तरीही. तिला बाहेरचं बघण्यापेक्षा बाहेरच्यांनी तिला न बघणं महत्त्वाचं वाटत होतं. आता इथं काय करायचं? हे तिला शिकवलं गेलंय, असं म्हणून मी तिचं म्हणणं उडवून लावलं, तर वजाबाकीत उरलेलं तिच्या पदरात टाकणाऱ्यांपेक्षा मी वेगळा कसा? आणि ऐकलं, तर तोच पाट पुन्हा. शेवटी मी तिला मोकळ्या चौकटीपाशी उभं केलं, ४० इंचांवर फळी धरली आणि गप्प बसलो. ती थोडा वेळ परसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वासरू सुटलं तर इथनंच कळंल की.” आणि जरा थांबून, “खालच्या काचा तेवढ्या दुधी बसवा.” तिनं तिचा तोडगा काढला होता. मला तो सुचला नसता. बसल्यावर कळलं की त्या काचांमुळे परसाची जवळची बाजू थोडी झाकली गेली. ते तिनं ठरवलं होतं, त्यामुळे मी बोललो नाही.

सिंक खिडकीखाली गेलं, कारण शेगडी तिथं ठेवली तर वाऱ्यानं ज्योत हलते. ओटा आणि सिल यांच्यामधल्या ८ इंचांत नळ बसला. खिडकी सरकती घेतली, म्हणजे नळाला पाखं आपटत नाहीत आणि कडीसाठी पाटावर चढावं लागत नाही.

इथंच थांबलो असतो तर मी चांगला मुलगा ठरलो असतो. पण याच दिवसांत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंबद्दल वाचलं. १९२६ साली त्यांनी ‘फ्रँकफर्ट किचन’ आखलं. १.९ बाय ३.४ मीटरची जागा, प्रत्येक हालचालीचा विचार, खिडकीसमोर कामाचं टेबल आणि बसून काम करायला फिरतं स्टूल. बाईंचे कष्ट वाचावेत, वेळ वाचावा, हा हेतू. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पुढं १९७०च्या दशकात स्त्रीवाद्यांनी याच स्वयंपाकघरावर बोट ठेवलं: एका माणसाला नेमकं बसेल असं घर केलंत, म्हणजे त्यात त्या एकाच माणसाला कोंडलंत.

हे वाचून मी चपापलो. आईच्या कोपराच्या मापानं बांधलेला ३२ इंचांचा ओटा म्हणजे या घरात कायम आईच स्वयंपाक करणार, असं दगडात लिहून ठेवणंच की. मी तिथं उभा राहिलो की पाठ दुखणार आणि ‘ओटा मला बसत नाही’ ही सबब कायमची तयार. तिला न्याय दिला, तर भूमिका पक्की होते. भूमिका मोडायला ओटा उंच केला, तर त्याची किंमत आज तिचे खांदे देतात. उद्याच्या समतेचा हप्ता आजच्या बाईकडून वसूल करायचा, हे मला पटेना.

मग समोरच्या भिंतीला चार फूट लांबीचा दुसरा ओटा घेतला, ३८ इंच उंचीचा. खर्च वाढला. बाबा म्हणाले, “हा कुणासाठी?” मी म्हणालो, “आपल्या दोघांसाठी.” ते काही बोलले नाहीत.

आता वर्ष होत आलं. आईचा पाट परसात चिंचेखाली असतो, त्यावर बसून ती शेंगा सोलते. खिडकीतून वासरू दिसतं. बाबांना तिथूनच हाका जातात, पूर्वी ती दारापर्यंत यायची.

आणि उंच ओटा? मी महिन्यातून दोनदा गावी जातो, तेव्हा त्यावर कांदा चिरतो, कधी भाजी टाकतो. एरवी तिथं मिक्सर, लोणच्याच्या बरण्या आणि बाबांचा रेडिओ असतो. दर वेळी बरण्या हलवून मला जागा करावी लागते. मागच्या खेपेला आई म्हणाली, “कशाला हलवतोस, राहू दे, मी करते.”

ओटा आता बसत नाही असं म्हणता येत नाही. सबब संपली आहे. उरलं आहे ते माझ्याकडे.