उरलेले आणि साठवलेले

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात बाजारहाट थांबवायचा आणि घरात आधीच भरून ठेवलेल्या जिनसांवर चाळीस दिवस काढायचे, असे एक व्रत पाश्चात्त्य ख्रिस्ती कुटुंबांत अलीकडे घेतले जाते. दूध-भाजीला बहुधा सूट असते. बाकी डाळी, पीठ, डबाबंद मासळी, फ्रीझरच्या तळाशी गेलेले मांस, जे असेल ते खायचे. कॅथलिक चर्चच्या नियमांना याचे सोयरसुतक नाही. 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार उपवास राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी करायचा, आणि मांस शुक्रवारी वर्ज्य. तो नियम काय खाऊ नये ते सांगतो. हे व्रत काय विकत आणू नये ते सांगते.

जुनी रीत नेमकी उलटी होती. कोठार रिकामे व्हायचे ते काळ सुरू होण्यापूर्वी. मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असल्याने इंग्लंडमध्ये राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक करून ते संपवत. रशियात मास्लेनित्साच्या आठवड्यात लोणी आणि चीज संपे. मग पश्चिम युरोपात वाटाणे, खारवलेले हेरिंग मासे आणि भाकरी. कोंबड्या मात्र अंडी घालतच राहत, आणि ईस्टरला घरोघर अंड्यांची रेलचेल होई.

हा सारा काळ म्हणजे उत्तरेकडच्या हिवाळ्याअखेरच्या टंचाईला दिलेले धार्मिक नाव, असे काही जण म्हणतात. चौथ्या शतकात नाईलच्या मुखाजवळच्या अलेक्झांड्रियातही तो पाळला जात होता, एवढे उत्तर त्यांना पुरे. पोटाला विश्रांती म्हणून उपवास करणाऱ्यांशी इथे वादच नाही.

वाद आहे तो नासाडीच्या युक्तिवादाशी. आज या व्रताचे समर्थन जवळजवळ सगळीकडे त्याच भाषेत होते: अन्न वाया जाऊ नये, कपाटे मोकळी व्हावीत, पैसे वाचावेत. या युक्तिवादामागची वस्तुस्थिती खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे 60 टक्के घरांतून. ही नासाडी थांबलीच पाहिजे. पण ती वर्षभर थांबली पाहिजे. त्यासाठी प्रायश्चित्त लागत नाही, नीट संसार लागतो. पाकिटावरची तारीख उलटण्याआधी शेवया संपवणारी गृहिणी शहाणी आहे. तिने काही त्यागले, असे तीही म्हणणार नाही.

या युक्तिवादाची खरी उणीव हिशोबात आहे. महिनाभर वाणसामान न आणलेल्या घरात पैसे शिल्लक पडतात. ते बँकेत राहिले, तर कोठारातला साठा खात्यात गेला इतकेच. घराची एकूण जमा तेवढीच राहिली. पाचव्या शतकातले पोप थोरले लिओ यांच्या प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांचा रोख याच मुद्द्यावर होता: स्वतःच्या ताटातून जे कमी होते, ते गरिबाच्या ताटात पडले पाहिजे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला अठ्ठावन्नावा अध्यायही उपवासाची ओळख भुकेल्याला दिलेल्या भाकरीवरूनच पटवतो. रूआँच्या कॅथीड्रलचा, 1485 मध्ये बांधायला घेतलेला मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. प्रायश्चित्तकाळात लोणी खाण्याच्या मुभेसाठी दिलेल्या दानातून तो उभा राहिला, असे सांगतात. तिथे पैसा घराबाहेर गेला आणि लोणी ताटात राहिले. आजच्या काटकसरी व्रतात लोणी जाते आणि पैसा राहतो.

म्हणून उरलेले आणि साठवलेले यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. उरलेले म्हणजे विसरलेले: मागच्या नाताळची मनुका, अर्धी बाटली व्हिनेगर. ते खाल्ल्याने कपाट स्वच्छ होते. साठवलेले म्हणजे उद्याच्या धास्तीपोटी मुद्दाम राखलेले, आणि त्याला हात लावताना मन कचरते. निर्गमाच्या पुस्तकात दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्नात किडे पडतात. लूकच्या शुभवर्तमानातला धनिक मोठी कोठारे बांधायचा बेत करतो आणि त्याच रात्री मरतो. दोन्ही कथांचा रोष साठवलेल्यावर आहे, उरलेल्यावर नाही. पहिल्या आठवड्यात जुनी पाकिटे संपतात आणि व्रत सोपे वाटते. चौथ्या आठवड्यात तांदळाचा डबा तळ दाखवू लागतो. व्रताला सुरुवात तिथे होते, आणि वाचलेली रक्कम तेव्हाच बाहेर गेली तर ते उपवास ठरते. ‘मिझेरेओर’ ही जर्मन कॅथलिक संस्था 1959 पासून प्रायश्चित्तकाळातला असाच पैसा भुकेविरुद्धच्या कामासाठी गोळा करत आली आहे.

साठवणे हे पाप आहे, असा याचा अर्थ नव्हे. गोव्यात पावसाळ्यात मासेमारी थांबते, म्हणून ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही घरे उन्हाळ्यातच सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, खोबरे भरून ठेवतात. या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त ईस्टरनंतर, पावसाच्या तोंडावर येते. त्या वेळी भरणाऱ्या बाजारामुळे त्याला पुरुमेंताचे फेस्त हेच नाव पडले आहे.