पुढील भय आधीं जाणावें काय?

उमरेडच्या बाजूच्या खेड्यांतून एक प्रश्न आम्हांस पुन्हा पुन्हा विचारण्यांत येतो. गरोदर बहिणीस दिवस भरण्यापूर्वींच प्रसूति होण्याचें भय आहे किंवा नाहीं, हें तपासून घेणें विश्वासणाऱ्यास शोभतें काय? उदरांतील लेकरूं देवाच्या हातीं असतां पुढचें विचारूं जाणें हें देवऋष्याकडे जाण्यासारखेंच नव्हे काय? ज्यांनीं देवऋषी सोडून प्रभूस धरिलें, त्यांसच हा प्रश्न सुचावा, ह्यांत त्यांचा कमीपणा नाहीं.

परंतु देवऋषी काय होणार तें सांगतो, आणि वर कोंबडें मागतो. तपासणी काय होणार तें सांगतच नाहीं. येथें जपावें, एवढेंच ती सांगते. मिसर देशांत दुष्काळाची सूचना मिळतांच योसेफानें कोठारें भरलीं, त्यास कोणीं अविश्वासी म्हटलें नाहीं.

३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल तें अपुऱ्या दिवसांचें. जगांत दर दहांत सुमारें एक मूल असें जन्मतें. तपासणीचा आरंभ यंत्रानें नव्हे, विचारपुशीनें होतो. मागील बाळंतपण लवकर झालें होतें काय? पोटांत जुळें आहे काय? रक्तदाब, लघवींतील दोष, रक्ताची कमतरता, आणि आमच्या विदर्भांत सिकलसेल, हेंही पाहतात. १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीनें गर्भाशयमुखाची लांबी मोजतां येते. ती २५ मिलिमीटरांहून कमी असल्यास प्रोजेस्टेरॉन नांवाचें औषध देतात, व त्यानें भय कमी होतें. (त्याच यंत्रास मुलगा कीं मुलगी हें विचारणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे, व देवापुढें तर तो आधींपासूनच होता.)

तथापि लांबी कमी भरलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणींचे दिवस नीट भरतात, आणि चांगली भरलेल्या कित्येकींची प्रसूति लवकर होते. म्हणून वाईट निकाल ही शिक्षा नव्हे, आणि चांगला निकाल हा सुनेस रोवणीस जुंपण्याचा परवाना नव्हे.

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न ह्यापुढें आहे. भय कळलें, तें कोणावर बंधन घालतें? बहुधा सर्व बोट त्या बाईकडेच वळतें: तूंच घागर उचललीस, तूंच उपास केलास. धोका सांगून तिला पुन्हां मिरचीच्या तोडणीस पाठविणें म्हणजे तिच्या ओझ्यांत भीतीची भर घालणें होय. त्यापेक्षां तपासणी न केलेली बरी, असें म्हणावयाचा आम्हांस मोह होतो. पण तें बरोबर नाहीं. लवकर कळा आल्यास बाळाची फुप्फुसें परिपक्व व्हावींत म्हणून आईस जें इंजेक्शन देतात, व ज्याचा गुण १९७२ सालीं न्यूझीलंडांत सिद्ध झाला, तें वेळेवर इस्पितळांत पोहोंचलेल्या बाईसच मिळतें. उमरेडाहून नागपूर सुमारें ४५ किलोमीटर आहे. मध्यरात्रीं पाणी जाऊं लागलें, अथवा पोट वारंवार आवळूं लागलें, तर वाहन शोधण्यास ती स्वतः जाणार नाहीं. कळलेल्या गोष्टीचें ऋण तिच्या पतीवर, सासूवर व मंडळीवर आहे.

नागपुरास मिशननें स्त्रियांकरितां मूर मेमोरियल इस्पितळ १८९६ सालीं उघडलें, तेव्हां प्रार्थना व औषध ह्यांत त्या लोकांनीं भांडण मानिलें नाहीं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी डॉक्टर करितात. उपदेशकबंधूंनीं आशाताईंकडे चौकशी करावी, आणि आदल्या रविवारीं उपासनेनंतर वडीलमंडळींस थांबवून घ्यावें. कोणत्या बहिणीबरोबर कोण जाणार, रात्रीं गाडी कोणाची, आणि तोडणीची बुडालेली मजुरी कोणत्या पेटींतून भरून द्यावयाची, हें त्याच बैठकींत ठरवावें.